चित्रदालनाचा उंबरठा

शिराळ्याकडचा माणूस मुंबईस गेला म्हणजे त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. एकेकाळी गिरणी, गोदी आणि माथाड्यांचा बाजार. आता वाशीचे मार्केट किंवा भावकीतल्या कुणाची खोली. आम्हां संघटनेच्या माणसांची वाट आझाद मैदानाची. त्या मैदानापासून चालत वीस मिनिटांवर काळा घोडा म्हणून भाग आहे. तेथे चित्रांची दालने शेजारी शेजारी आहेत. तीस वर्षे आम्ही मैदानावर येत होतो, पण तिकडे पाय वळला नव्हता. तो २०२० च्या जानेवारीत वळला. थकलेल्या पगाराचे निवेदन देऊन झाले होते, रात्रीच्या गाडीस अवकाश होता, आणि आम्ही आठ जण होतो.

नावाचा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा. १९६५ साली तो तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ साली त्या भागात नवा घोडा बसविला, तो स्वाराविना. राजा उतरला, घोडा राहिला. या फेरबदलास आमची हरकत नाही.

पहिली जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि १९५२ साली ती उघडली. आत जाण्यास पैसा पडत नाही. तरीही आमच्यातील तिघांनी पायऱ्यांशीच चपला काढल्या. रखवालदार हसून म्हणाला, ‘घालूनच या, दादा.’ दारावर मज्जाव कुणीच केला नव्हता. तो आम्ही गावाहूनच बरोबर आणला होता.

आत गेल्यावर मंडळींचा पहिला प्रश्न चित्राच्या अर्थाचा नव्हे, धंद्याचा होता. तो रास्तच होता. येथे चित्रकार आठवड्याच्या बोलीने दालन भाड्याने घेतो. त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. चित्र खपले नाही तरी भाडे चुकत नाही. आसपासच्या खाजगी गॅलऱ्यांची रीत निराळी. तेथे भिंत मालकाची, गिऱ्हाईक मालकाचे, आणि विक्रीतील हिस्सा, पुष्कळदा निम्मा, मालकाचा. हे ऐकताच आमचा एक सोबती म्हणाला, ‘म्हंजे अडत्याच म्हना की!’ बाहेर पदपथावर काही चित्रकार आपली चित्रे टांगून बसतात, त्यांना अडत्या नाही. पण छप्परही नाही.

चित्रकार म्हणजे सुखवस्तू घरचा मनुष्य, अशीही एक समजूत असते. कृ. हो. आरा मुंबईत घरगडी होते, मोटारी धूत, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले होते. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्या सहा जणांत ते होते. गाडे हे अमरावती जिल्ह्यातले.

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ही इमारत १९११ सालची, मूळची कावसजी जहांगीर सभागृह. येथे राजकीय सभा झाल्या, गाण्याचे जलसे झाले; पुढे मुष्टियुद्धे, लग्ने आणि कामगार संघटनांच्या सभाही झाल्या. १९९६ साली तिचे संग्रहालय झाले. आमच्यासारख्यांनी जेथे घोषणा दिल्या तेथे आता हळू बोलावे लागते.

त्या दिवसांत तेथे सुधीर पटवर्धनांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन लागले होते. हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी २००५ पर्यंत वैद्यकी केली आणि तिच्या जोडीने शहरातील कष्टकरी माणूस रंगविला. त्यांच्या सत्तरीच्या दशकातील चित्रांत अंगाने जड, ठोकळ्यासारखी माणसे आहेत. आमच्याबरोबर बॉयलरवरचे एक गृहस्थ होते. त्यांचे वडील परळच्या गिरणीत साचेवाले. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. हे गृहस्थ एका चित्रापुढे इतके थांबले की आम्ही एक मजला चढून पुन्हा खाली आलो. म्हणाले, ‘अण्णा, ह्या मानसाचं खांदं बघा. वझं उतारल्यावर बी खांदं असंच ऱ्हात्यात. ह्या डाक्टरनं बराबर वळकलंय.’

आम्ही पुस्तके चाळून ‘आकार’, ‘अवकाश’ हे शब्द पाठ केले होते. ते तेथे उच्चारण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही. पुढे गिरणवस्तीत शिरणाऱ्या नव्या शहराचे ‘लोअर परळ’ हे २००१ सालचे चित्र पाहिले. त्यापुढे मात्र ते काही बोलले नाहीत.

सगळेच असे उलगडले नाही, हेही सांगितले पाहिजे. काही चित्रांत नुसते रंग होते. एकाने विचारले, हे काय? आम्हांस सांगता आले नाही. नागपंचमीसाठी आपला कुंभार मातीचा नाग घडवितो, तेव्हा त्याने फणा किती वळवला हे आपण पोरपणापासून पाहत आलो, म्हणून त्यातले आपणांस कळते. येथे आम्ही पन्नाशीत पहिल्यांदा उभे होतो.

हेच पटवर्धन २००८-०९ साली समकालीन चित्रांचे प्रदर्शन घेऊन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत फिरले होते. तालुक्याच्या गावास तसे काही का येऊ नये? ज्या भिंतींमध्ये आपण ही व्याख्याने ऐकतो, त्या वर्षातील बहुतेक दिवस कोऱ्याच असतात. वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत त्यांवर चित्रे लावावीत, आणि चपला घालून आत यावे अशी पाटी दारावर असावी, अशी मागणी आम्ही चालकांकडे लेखी दिली आहे. पोच अद्याप मिळालेली नाही.