आजीची साडी निळी की वांगी?

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या घरी एक छोटेसे भांडण झाले. विषय होता आजीच्या साडीचा रंग.

आजी २००५ च्या उन्हाळ्यात बेसिंगस्टोकला आली होती. वॉर मेमोरियल पार्कमध्ये बँडस्टँडपाशी आम्ही तिचा फोटो काढला. आजी आता नाही. तो फोटो हॉलमध्ये लावलेला आहे. त्यावरून आमच्या धाकटीने चित्र काढले आणि साडी निळी रंगवली. तिची आई म्हणाली, "अगं, निळी कुठली? ती वांगी रंगाची इरकल होती!"

"मग फोटो खोटा आहे का?" धाकटीने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. सुदैवाने साडी आणि तो जुना कॅमेरा, दोन्ही घरात होते. आम्ही साडी परसातल्या दोरीवर टाकली, शेजारी पांढरा कागद लावला आणि ढगाळ दुपारी एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एक त्या जुन्या ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने, दुसरा गेल्या वर्षी घेतलेल्या नव्या कॅमेऱ्याने. जुन्या फोटोत साडी निळी आली. पण गंमत म्हणजे कागदही निळसर आला! नव्या फोटोत कागद पांढरा होता आणि साडी वांगी.

पहिले कारण इथेच सापडले. ढगाळ दिवशीच्या उजेडात निळा भाग जास्त असतो, तर पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा. आपले डोळे आणि मेंदू हा फरक आपोआप भरून काढतात, म्हणून कागद आपल्याला कुठेही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला मात्र उजेड कसा आहे याचा अंदाज बांधावा लागतो. याला 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. जुन्या कॅमेऱ्याचा अंदाज चुकला होता.

मग आम्ही त्याला कागद दाखवून 'हे पांढरे' असे सांगितले आणि पुन्हा फोटो काढला. कागद पांढरा झाला, पण साडी अजून थोडी निळीच! म्हणजे दुसरेही कारण होते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळतच नाही; किती उजेड पडला एवढेच तो मोजतो. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांना या मांडणीचे पेटंट १९७६ साली मिळाले. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण २० लाख ठिपके हिरवे, १० लाख लाल आणि १० लाख निळे असतात. प्रत्येक ठिपक्यावरचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेब करून भरले जातात. मग तिन्ही रंग ठरावीक प्रमाणात मिसळून फोटो तयार होतो. गोडा मसाला सगळ्यांचाच, पण प्रमाण घरोघरी वेगळे, तसेच हे!

जांभळ्या छटांवर हा हिशेब हमखास अडतो. त्या छटांत निळ्याबरोबर तांबडाही असतो. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सेन्सरला मात्र जाणवतात, म्हणून ते अडवणारी काच त्याच्यापुढे असते. ती काच थोडा गडद लालही अडवते. तांबडा कमी पडला की वांगी रंग निळा दिसू लागतो.

मग नवा कॅमेरा खरा का? तोही पूर्ण नाही. त्याच्या फोटोत साडीचा लाल पदर दोरीवरच्या पदरापेक्षा भडक दिसत होता.

रंगांनी मोठमोठ्यांनाही चकवले आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या 'सैरंध्री' चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत काढून घेतल्या, पण पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत.

तेव्हा धाकटीला आम्ही सांगितले, "फोटो खोटा नाही, तो कॅमेऱ्याचा हिशेब आहे." जुना फोटो कॉम्प्युटरवर थोडा सुधारता येईल, पण कॅमेऱ्याने तेव्हाच मूळ आकडे टाकून जेपेग फाइल तेवढी ठेवली. आता आपण बदलू तोही आपला अंदाजच. म्हणून भिंतीवरचा फोटो तसाच ठेवला आणि मागे लिहिले, 'साडी इरकल, रंग वांगी.' धाकटीने साडी समोर ठेवून नवे चित्र काढले.

मुलांनो, तुम्हीही आईच्या किंवा आजीच्या एका साडीचा असाच फोटो काढून पाहा, शेजारी पांढरा कागद ठेवून. आणि पालकहो, वांगी, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी ही नावे मुलांना जरूर सांगा. नाहीतर त्यांच्याकडे सगळ्यांसाठी 'पर्पल' एवढाच शब्द उरेल, आणि ती चूक काही कॅमेऱ्याची नसेल!