औषध, शरीराचे तापमान आणि गणित

उंदराच्या शरीराचे तापमान साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ते राखतो. शेपटीच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की उष्णता बाहेर पडते आणि आकुंचन पावल्या की ती शरीरातच राहते. काही औषधे ही व्यवस्था बदलतात. सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहींवर काम करणारे '८-ओएच-डीपॅट' हे संयुग टोचल्यास उंदराचे तापमान उतरते.

हा परिणाम समीकरणांत दोन टप्प्यांनी मांडतात. पहिल्या टप्प्यात रक्तातील औषधाचे प्रमाण काळानुसार कसे घटते ते पाहतात. अर्धायुकाल अर्ध्या तासाचा धरला, तर दोन तासांनी सोळावा हिस्सा उरतो. दुसरा टप्पा तापमानाचा असतो. तापमानबदलाचा वेग हा उष्णतेची निर्मिती आणि ऱ्हास यांतील फरकावर अवलंबून असतो. म्हणूनच शिरेत टोचताच रक्तातील प्रमाण सर्वाधिक असले, तरी तापमान नीचांकाला पोहोचायला वेळ लागतो.

शरीर हा बदल निमूटपणे स्वीकारत नाही. ते तापमान पूर्वपदावर आणू पाहते. त्यामुळे प्रगत प्रतिमानांत 'नियत बिंदू', म्हणजे शरीर राखू पाहते ते तापमान, ही संकल्पना घेतात. औषध हा बिंदू खाली सरकवते आणि प्रत्यक्ष तापमान त्याच्या मागोमाग जाते. या प्रत्याभरणामुळे आलेखात कधी चढउतारही दिसतात.

उंदराच्या पोटात बसवलेल्या सूक्ष्म प्रेषकाच्या तापमान-नोंदींशी समीकरण ताडून पाहतात. ते जुळले, तर न तपासलेल्या मात्रेच्या परिणामाचा अंदाज बांधता येतो आणि प्रयोगांत कमी प्राणी लागतात.