जाळ्याचा धागा आणि त्याचे मालक

१ जूनला पावसाळी बंदी लागली की देवगड-जामसंडे परिसरात जाळी किनाऱ्यावर येतात आणि मच्छीमारी साहित्याच्या दुकानांत खरी पारख सुरू होते. गठ्ठ्यातून जाळ्याचा पट्टा ओढायचा, एका आसाची, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याची, दोन टोकं अंगठ्यांत धरायची आणि ताणायचं. शेजारचा सांगतो, "गाठ सरकता काय ता बघ." गाठ सरकली की आस लहानमोठे होतात. मग हवा तो बांगडा निसटतो आणि नको ती पिलं अडकतात. दोरा किती मजबूत आहे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि कंपनी कोणती हा त्याच्याही नंतरचा.

गिऱ्हाईक नावापेक्षा आकड्यावर जास्त विसंबतं. २१०/२/३ म्हणजे २१० डेनियरचे दोन धागे पिळून एक लड, आणि तशा तीन लडी उलट्या दिशेने पिळून दोरा. एकूण सहा धागे. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन २१० ग्रॅम भरलं की तो २१० डेनियरचा. या हिशेबात लबाडीला जागा कमी. धागा नेमका तोलून-मापून पाहता येतो, आणि मालक बदलला म्हणून तराजू बदलत नाही. आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत. पीळ किती दिला, उष्णता देऊन गाठ नीट बसवली का, उन्हात तग धरण्यासाठी धाग्यात काय मिसळलं, कच्चा माल नवा होता की पुनर्वापराचा, हे दुकानात अंगठ्यांना कळत नाही. ते हंगामाच्या मध्यावर कळतं. कारखाना दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काटकसर करायची झाली, तर ती पहिल्यांदा याच जागी शिरते.

महाराष्ट्रात या धंद्याचं घरोघरी माहीत असलेलं नाव म्हणजे गरवारे. भालचंद्र गरवारे यांनी १९७६ साली अमेरिकेच्या वॉल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने गरवारे-वॉल रोप्स उभी केली. चिंचवड आणि वाई इथे दोर आणि जाळी होऊ लागली. २०१८ मध्ये ती गरवारे टेक्निकल फायबर्स झाली आणि परक्या भागीदाराचं नाव पाटीवरून गेलं. दरम्यान कंपनीचा कल बराच बदलला होता. नॉर्वे, चिली, स्कॉटलंड इथल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांची जाळी हा तिचा मोठा व्यवसाय झाला. यात गैर काहीच नाही. तिकडे एक पिंजरा फाटला तर हजारो मासे पळतात, म्हणून तिथलं गिऱ्हाईक गुणवत्तेसाठी चोख पैसे मोजतं. त्या शिस्तीचा थोडाफार फायदा आपल्या जाळ्यांनाही होतच असणार. पण इसवणाच्या कांडाळी जाळ्यासाठी ठरावीक आसाचा एकच गठ्ठा मागणारा देवगडचा गाबीत मच्छीमार त्या कंपनीच्या हिशेबात कुठे बसतो, हा प्रश्न उरतोच.

याहून मोठी उलाढाल बाहेर चालू आहे. आइसलंडमधली हाम्पिध्यान ही कंपनी १९३४ साली ट्रॉलरच्या तांडेलांनी आणि यंत्रचालकांनीच काढली होती. जाळ्यांचा माल मिळेना, म्हणून स्वतः करायला बसले. आज ती लिथुआनियात दोर आणि जाळी करते. २०२३ मध्ये तिने नॉर्वेची मोरेनॉट विकत घेतली आणि अलीकडे आपल्या मराठवाड्यातल्या कोहिनूर रोप्समध्येही नियंत्रणाचा हिस्सा घेतला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कारखान्याचा दोर आता उत्तर अटलांटिकच्या कंपनीच्या हिशेबात आला.

विलीनीकरण म्हणजे माल खालावणारच, असं मी म्हणणार नाही. मोठ्या घराकडे चाचणीची यंत्रं असतात, रसायनाची जाणकारी असते. छोट्या कारखान्यात एकाच पाळीचा माल आज घट्ट, उद्या ढिला निघाल्याची तक्रार किनाऱ्यावर नवी नाही. माझी भीती वेगळी आहे. दोन कारखाने एक झाले की मालाच्या जातींची यादी छाटली जाते, आणि कमी खपणारे आस, कमी खपणारी जाडी त्यातून आधी जाते. ट्रॉलर आणि पर्ससीनची मागणी टनात असते, म्हणून त्यांचं जाळं टिकतं. बिगर यांत्रिक होडीवाल्याला मग मिळेल त्या आसावर भागवावं लागतं आणि दोष मात्र "आजकालच्या जाळ्यां"ना जातो. जाळं तुटलेलं नसतं, फक्त त्याच्या माशाचं नसतं.

दुसरी गोष्ट ताळेबंदात येत नाही, ती म्हणजे उधारी. जून-जुलैत हातात पैसा नसतो. जाळी घेतली जातात ती नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या चांगल्या पकडीवर. दुकानदाराला ही सवलत वितरकाकडून मिळते आणि वितरकाला कंपनीकडून. कंपनी बदलली, वितरणाचा पट्टा दुसऱ्याकडे गेला, की ही साखळी मधेच तुटते. नव्या वितरकाला देवगडातलं कोण पैसे बुडवणारं नाही हे ठाऊक नसतं. रोख नसेल तर स्वस्त, बेनामी गठ्ठा घ्यायचा, आणि त्याची गाठ अंगठ्यांनी कितीही ताणून पाहिली तरी उन्हात तो किती टिकेल ते ऑक्टोबरपर्यंत कळत नाही.