दोन टोके, एकच आजार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहातील एक अबोल विद्यार्थी अकस्मात रात्ररात्र जागू लागला. दोन-तीन तासांच्या झोपेनंतरही तो ताजातवाना असे. अखंड बोले, वह्यांमागून वह्या भरी. आम्ही शिक्षकांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. तीन महिन्यांनी तोच मुलगा अंथरुणातून उठेना, तेव्हा आम्हीच त्याला आळशी ठरविले. दोन्ही वेळा आमचे चुकले. तो आजारी होता.

या आजारास द्विध्रुवीय मनोविकार, अर्थात बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. बहुधा ऐन तारुण्यात त्याची सुरुवात होते. उन्मादाच्या काळात झोपेची गरजच कमी होते. विचार धावतात, पैसा उधळला जातो, चिडचिड वाढते, आपण कोणी असामान्य आहोत असे वाटू लागते. ही अवस्था आठवडाभर किंवा अधिक टिकते. नैराश्यात दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन कशातच रमत नाही. थकवा, अपराधी भावना आणि मरणाचे विचार घेरतात. मधल्या काळात माणूस अगदी पूर्ववत दिसू शकतो. म्हणूनच या दोन टोकांचा संबंध घरच्यांच्या ध्यानी येत नाही.

तो संबंध डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. रुग्ण बहुधा नैराश्यातच दवाखान्यात येतो. पूर्वीचा उन्माद सांगितला नाही, तर केवळ नैराश्याचे औषध दिले जाते आणि त्याने उन्माद उसळू शकतो. यास्तव झोप, खर्च, वागणे यांतील बदल तारखेसह टिपून ठेवावेत.

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमचा गुण जगापुढे मांडला. आजही ते प्रमुख औषध आहे. मात्र वेळोवेळी रक्ततपासणी लागते. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करू नये.

‘अंगात आले’, ‘करणी झाली’ म्हणत देवऋषाकडे घालविलेले महिने परत मिळत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधण्याची दृष्टी दिली. ती घरातल्या आजारालाही लावली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क ठरविला आहे. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. कोणी मरणाची भाषा करीत असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

त्या मुलाला पुढे उपचार मिळाले, पण वर्ष वाया गेले. दुसऱ्या कोणाचे तसे जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लेखन.