तंटा मिटविण्याचें शिक्षण

पुणें-सातारा मार्गावर, नीरा नदीच्या कांठीं, भोर तालुक्यांतील सारोळे हें गांव आहे. अशा शेतकरी गांवांत मोठ्या माणसांचे तंटे बहुधा बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा वाटेवरून उद्भवतात. मुलांचे तंटे बाकावरील जागेवरून, नाहीं तर खेळांतील हारजितीवरून. विषय निराळे, पण प्रकृति एकच. जो मुलगा आज बाकाची जागा सोडीत नाहीं, तोच उद्यां बांधाचा धनी होणार आहे.

वर्गांत भांडण झालें कीं शिक्षक दोघांना उभें करितो, क्षणभर ऐकतो आणि निकाल देतो. वर्ग शांत होतो. परंतु शाळा सुटल्यावर तेंच भांडण वाटेवर पुन्हां उभें राहतें. कारण तो निकाल शिक्षकाचा असतो. मुलांनीं तो मनानें स्वीकारलेला नसतो.

मराठेशाहींतील पंचायतींना हें मर्म ठाऊक होतें. चौकशीपूर्वीं पंच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. नोकरी सोडणें हा त्या शब्दाचा तेथें अर्थ नव्हता. होणारा निवाडा आपणांस मान्य राहील, अशी ती कबुली होती. एल्फिन्स्टन यानें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या पंचायतींचे गुण आणि दोष दोन्ही नमूद केले आहेत. महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २००७ रोजीं महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम आरंभिली, तिचाहि भर सामोपचारावरच होता. पण सामोपचार ही एक विद्या आहे, आणि विद्येचा आरंभ शाळेंत व्हावयास हवा. शांतिलाल मुथ्था फाउंडेशननें २००९ सालीं बीड जिल्ह्यांत सुरू केलेला मूल्यवर्धन हा उपक्रम याच दिशेचा होय.

वर्गांतील रीत सोपी आहे. प्रथम राग ओसरूं द्यावा आणि बोलण्यास दोघांची संमति घ्यावी. मग एकानें आपली हकीकत सांगावी. दुसऱ्यानें उत्तर देण्यापूर्वीं तीच हकीकत आपल्या शब्दांत परत सांगावी. पहिल्यानें 'होय, असेंच' म्हटल्यावरच आपली बाजू मांडावी. पुढें हाच क्रम उलट करावा. मागणीमागील गरज यांतूनच उघड होते. समजा, दोघांनाहि खिडकीजवळची जागा हवी आहे. विचारल्यावर कळतें कीं, एकाला वारा हवा आहे आणि दुसऱ्याला केवळ फळा नीट दिसावयास हवा आहे. दुसरा पुढच्या बाकावर आला कीं तंटा सरला. तोड मुलांनींच सुचवावी, दोन ओळींत लिहून खालीं सही करावी, आणि ती टिकली कीं नाहीं हें आठ दिवसांनीं पाहावें.

या रीतीला मर्यादाहि आहे. मारहाण, छळ, जातीवरून किंवा शरीराच्या व्यंगावरून हिणविणें यांत दोन्ही बाजू समान नसतात. तेथें दुर्बळाला तडजोडीस बसविणें हाच अन्याय होय. शिक्षकानें स्वतः आड येऊन त्याचें रक्षण केलें पाहिजे.

अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा, ही अडचण खरी आहे. तरी यास लागतो तो पाव तास. बांधाचा दावा मात्र बापाकडून मुलाकडे जातो, आणि वितभर जमिनीपायीं दोन घरांचें बोलणें तुटतें. पाव तासाचा हा धडा त्या मानानें महाग नाहीं.