विश्लेषण : ‘नारुतो’वर चिडलेले चाहते पुन्हा ‘नारुतो’कडेच का वळतात?

शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी, दोन्ही हात मागे ताणून पळणारी आणि बोटांच्या मुद्रा करून ‘जुत्सू’ सोडणारी मुले आता तिशीच्या आसपास आहेत. ज्या निन्जा मालिकेसोबत ती वाढली, तिच्यावर मधल्या काळात ती मनापासून वैतागलीही. ‘शेवटी शेवटी कथेची वाट लागली’ असे सांगणारा चाहता पुढच्याच सुट्टीत पहिल्या भागापासून मालिका पुन्हा सुरू करतो. प्रेम, राग आणि पुन्हा प्रेम, हे चक्र नेमके कशामुळे घडते?

‘नारुतो’चा पसारा किती मोठा?

मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सप्टेंबर १९९९ मध्ये ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ७०० व्या प्रकरणाने संपली. तिचे ७२ खंड झाले. स्टुडिओ पिएरोने केलेली अ‍ॅनिमे मालिका टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर २००२ ते फेब्रुवारी २००७ या काळात २२० भाग चालली. लगेच सुरू झालेली ‘नारुतो शिप्पूदेन’ मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे आणखी ५०० भाग चालली. एकूण भाग ७२०. रोज तासभर पाहायचे ठरवले तरी साधारण नऊ महिने लागतात.

याचा अर्थ असा की, ज्याने अकराव्या वर्षी ही मालिका सुरू केली, तो शेवटचा भाग येईपर्यंत पंचविशीत पोहोचला होता. कथेतला नायक बारा वर्षांचा पोर असतो, मग तरुण होतो, युद्धावर जातो आणि शेवटी बाप होतो. प्रेक्षकही त्याच वेगाने बदलत गेला.

सुरुवातीला मुलांना काय भावले?

कथा साधी आहे. कोनोहा गावातला नारुतो उझुमाकी हा अनाथ मुलगा. त्याच्या जन्माच्या रात्री गावावर चालून आलेला नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा त्याच्याच शरीरात बंदिस्त करण्यात आला. गाव त्याला टाळते, मोठी माणसे पोरांना त्याच्यापासून दूर ठेवतात आणि कारण कोणी सांगत नाही. परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास होतो. तरीही ‘मी एक दिवस होकागे होणार’, म्हणजे गावाचा प्रमुख होणार, असे ओरडून सांगतो.

वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या कोणत्याही मुलाला हा आपला माणूस वाटला. चूनिन परीक्षेतली नेजी ह्युगाविरुद्धची लढत या भावनेचा कळस होता. नेजी हुशार, पण घराण्याच्या दुय्यम शाखेत जन्मलेला. कपाळावर गुलामीची खूण. माणसाचे नशीब जन्मातच ठरते, असे तो मानतो. नापास पोरगा त्याला हरवतो आणि कष्टाने नशीब बदलता येते, असा विश्वास पाहणाऱ्यालाही मिळतो. रॉक लीची गोष्टही त्याच वळणाची. इतरांसारखे जुत्सू जमत नसताना निव्वळ सरावाच्या जोरावर तो उभा राहतो.

मग चाहते वैतागले कशाने?

पहिले कारण तांत्रिक आहे. मंगाचे आठवड्याला वीसेक पानांचे एक प्रकरण येते, तर टीव्हीचा २० मिनिटांहून मोठा भाग अनेकदा एकापेक्षा जास्त प्रकरणे संपवतो. त्यामुळे अ‍ॅनिमे लवकरच मूळ कथेला गाठते. दर आठवड्याची टीव्हीवरची वेळ मात्र सोडता येत नाही. मग स्टुडिओ मूळ मंगात नसलेले भाग रचतो. यांनाच ‘फिलर’ म्हणतात. पहिल्या मालिकेत सासुके गाव सोडून गेल्यानंतर, साधारण १३६ व्या भागापासून अखेरपर्यंत जवळपास सगळे फिलर आहेत. जिवलग मित्र हरवल्याचे दुःख ताजे असताना प्रेक्षकाला ८० च्या वर भाग भलत्याच मोहिमांवर फिरावे लागले.

‘शिप्पूदेन’मध्येही हेच झाले. महायुद्ध ऐन रंगात आले असताना जुन्या आठवणींचे आणि स्वप्नांचे भाग मध्ये येत राहिले. मंगा २०१४ मध्ये संपली, पण नारुतो आणि सासुकेची अखेरची लढत पडद्यावर यायला २०१६ उजाडले. कोणते भाग गाळायचे, याच्या याद्या चाहते एकमेकांना पाठवू लागले ते यामुळेच.

कथेबद्दलची तक्रार काय?

फिलर गाळता येतात, दुसरी तक्रार गाळता येत नाही. पुढे कळते की नारुतो हा चौथा होकागे मिनातोचा मुलगा आहे. युद्धाच्या शेवटी तर तो एका पुराणपुरुषाच्या मुलाचा पुनर्जन्म असल्याचे उघड होते. मग नेजीला शिकवलेल्या धड्याचे काय? ज्याला सगळे सामान्य समजत होते, तो मुळात राजघराण्यातलाच निघाला, तर कष्टाचा विजय कसा म्हणायचा? त्यात नेजी स्वतः युद्धात मरतो आणि त्याच्या घराण्यातील मुख्य व दुय्यम शाखांचा प्रश्न मूळ मंगात नीट सुटताना दिसत नाही. साकुरासारख्या व्यक्तिरेखा मागे पडतात. कागुया ही शेवटची खलनायिका अचानक अवतरते.

ही तक्रार ऐन विशीत जास्त बोचते. तोवर पाहणाऱ्याने प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी, मुलाखती पाहिलेल्या असतात. कोणाच्या मागे कोणाचे आडनाव, कोणाचे घर उभे आहे, हेही उमगलेले असते. लहानपणी ज्या गोष्टीने दिलासा दिला, तिनेच शब्द फिरवला असे वाटते.

मग राग निवळतो कसा?

दुसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट लक्षात येते. नारुतोला वडिलांचे नाव वापरायला मिळतच नाही. ते त्याच्यापासून लपवलेले असते आणि पेनविरुद्धच्या लढाईत ते कळते, तोवर त्याचे उपेक्षेचे बालपण सरलेले असते. महाभारत ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला इथे कर्ण आठवेल. त्याचेही मोठे कूळ उघड होते, पण अपमान सोसून झाल्यावर. रक्ताने शक्ती दिली, हे नारुतोच्या बाबतीत खरेच आहे. पण एकटेपणात माणूस म्हणून शाबूत राहायला त्या रक्ताचा काही उपयोग झाला नाही.

खलनायकही वेगळे दिसू लागतात. शाळकरी वयात इताची हा स्वतःचे घराणे संपवणारा थंड खुनी वाटतो. सत्य कळल्यावर तो शहीद वाटू लागतो. आणखी काही वर्षांनी प्रश्न पडतो, एका किशोरवयीन मुलावर असा हुकूम लादणाऱ्या गावाचे काय? कोनोहाच्या निन्जांनी ज्याचे आईबाप मारले, तो नागातो पुढे ‘पेन’ बनून त्याच गावावर चाल करून येतो. सुडाची ही साखळी कुठे तोडायची, यावर मालिकेचे उत्तर भाबडे वाटेल, पण प्रश्न खरा आहे.

‘बोरुतो’ने काय बदलले?

पुढच्या पिढीची ‘बोरुतो’ मालिका २०१७ ते २०२३ या काळात २९३ भाग चालली. अनेक जुन्या चाहत्यांनी ती मध्येच सोडली. पण तिच्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. होकागे झालेला नारुतो मुलीच्या वाढदिवसाला स्वतःचे छायारूप घरी पाठवतो. थकव्यामुळे ते रूप अचानक नाहीसे होते आणि हातातला केक जमिनीवर पडतो. मुलगा चिडतो. लहानपणी होकागेपद म्हणजे स्वप्न होते, इथे ते कार्यालयातले फायलींचे ढीग झाले आहे. रात्री उशिरा लॅपटॉप मिटणाऱ्या चाहत्याला हा नारुतो नायक वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

आज परिस्थिती काय?

भारतात सोनी येने २०२२ मध्ये ‘नारुतो’ हिंदीसह काही भारतीय भाषांत आणली आणि नवी पिढी तिच्याकडे वळली. दुसरीकडे मालिका बनवण्याची रीत बदलली आहे. ‘डेमन स्लेयर’सारख्या मालिका मोजक्या भागांच्या हंगामांत येतात, मध्ये थांबतात, त्यामुळे फिलरची गरज उरत नाही. २० व्या वर्धापनदिनानिमित्त ‘नारुतो’चे चार नवे भाग सप्टेंबर २०२३ मध्ये येणार होते, पण दर्जा सुधारण्यासाठी ते पुढे ढकलले गेले. पूर्वी भाग चुकू नये म्हणून काहीही दाखवले जात असे, हा त्याच्या नेमका उलटा निर्णय.

पुन्हा पाहणाऱ्यांच्या नजरेत सर्वात मोठा बदल मात्र इरुका सरांबाबत होतो. पहिल्याच भागात कोल्ह्याच्या हल्ल्यात आईवडील गमावलेला हा शिक्षक त्याच मुलासाठी पाठीवर शस्त्र झेलतो आणि स्वतःच्या कपाळाची पट्टी त्याला बांधतो. अकराव्या वर्षी नजर नारुतोवर असते, तिशीत ती इरुकावर जाते. ५०० व्या भागात नारुतो लग्नाला वडील म्हणून उभे राहण्याची विनंती त्यांनाच करतो. तिथवर पोहोचलेला चाहता फिलरचा हिशेब बहुधा विसरलेला असतो.