भरलेला ट्रक सुरू होत नाही? मेकॅनिक येण्याआधी या क्रमाने तपासा

ऊस तुटला, गाडी भरली आणि चावी फिरवल्यावर इंजिन पकडतच नाही. हंगामात फडाच्या वाटेवर अशी एखादी गाडी अडकली की मागच्या गाड्याही थांबतात. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपाला जायला हवा. उशीर होईल तसे वजन घटते आणि साखर उताराही कमी होतो. कांदा, टोमॅटो किंवा केळीची गाडी असेल तर नुकसान त्याहून लवकर दिसते.

अशा वेळी घाईने सेल्फ मारत राहिले की बॅटरी उतरते, सेल्फ मोटार जळते आणि मूळ दोष तसाच राहतो. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणून इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, स्वच्छ डिझेल पोहोचणे आणि हवा नीट दाबली जाणे या तीन गोष्टी जुळल्या तरच ते सुरू होते. दोष शोधताना स्वतःला दोनच प्रश्न विचारा: इंजिन फिरते का? फिरत असेल तर सायलेन्सरमधून धूर येतो का?

सुरुवातीची काळजी

• गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.
• एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. दोन प्रयत्नांमध्ये किमान २ मिनिटे थांबा.
• ऑइल आणि कूलंटची पातळी पाहा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. सेल्फ मारू नका.
• गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का, हे विचारा. कोल्हापूर, सांगली भागात २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आला होता, त्यामुळे ही शक्यता विसरू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

१. इंजिन फिरतच नाही किंवा जड फिरते

हा दोष बहुतेक वेळा विजेचा असतो. डिझेलच्या वाटेला हात लावण्याची गरज नाही.

• बॅटरीचा मुख्य कट-ऑफ स्विच चालू आहे का, ते आधी पाहा. गाडी धुताना किंवा वेल्डिंगच्या वेळी तो बंद केलेला असतो आणि नंतर विसरला जातो. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागत नाही.
• हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. लाइट तसेच राहिले आणि नुसता ‘कट्’ आवाज आला किंवा आवाजच आला नाही, तर सेल्फचा सोलेनॉइड, रिले किंवा वायर तपासा.
• मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. मीटर असेल तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास. सेल्फ मारताना दोन्ही मिळून १९ व्होल्टच्या खाली जात असतील तर बॅटरी कमजोर समजा. अनेकदा दोनपैकी एकच गेलेली असते.
• टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन पुसा व नट घट्ट करा. इंजिन आणि चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टीही तपासा. मातीच्या रस्त्यावर ती गंजते किंवा सैल होते.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा असेल तर ती गाडीही २४ व्होल्टचीच हवी. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी ट्रकच्या पूर्ण संचाला जोडू नका. आधी दोन्ही गाड्यांचे पॉझिटिव्ह जोडा. नंतर निगेटिव्ह वायरचे एक टोक चालू गाडीच्या बॅटरीला आणि शेवटचे टोक बंद ट्रकच्या चासीला, बॅटरीपासून दूर लावा. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटू शकतो.

२. इंजिन चांगले फिरते, पण धूर अजिबात नाही

याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टाकीपासून पुढे तपासत जा.

• काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत स्वच्छ काठी घालून पातळी पाहा. गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर थोडे डिझेल टाकीत असूनही ओढणाऱ्या नळीपर्यंत येत नाही.
• टाकीचे झाकण सैल करा. ‘फुस्’ आवाज आला तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे.
• जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची दांडी पूर्ण आत गेली आहे का, केबल अडकली नाही ना, ते पाहा. सोलेनॉइड असल्यास त्याचा फ्यूज तपासा.
• वॉटर सेपरेटरचा तळाचा नट सैल करून भांड्यात थोडे डिझेल काढा. पाणी खाली बसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाका.
• फिल्टर बदलून बरेच दिवस झाले असतील तर तो तुंबलेला असण्याची शक्यता मोठी.

लाइनने हवा घेतली आहे का, हेही पाहा. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, फक्त हवा आत शिरते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी त्रास देते आणि एकदा सुरू झाली की दिवसभर चालते, अशी तक्रार असेल तर आधी हाच भाग तपासा.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनातली हवा अशी काढा: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, फीड पंपावरचा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करा. मग हातपंप कडक लागेपर्यंत मारा आणि सेल्फ द्या.

बीएस-६ गाड्यांत मात्र नोझलकडे जाणारी पाइप कधीही सैल करू नका. अशा कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असू शकतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. अशी इजा लहान दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते.

३. इंजिन फिरते, पांढरा धूर येतो, पण पकडत नाही

डिझेल पोहोचते, पण जळत नाही. कमजोर बॅटरीमुळे इंजिन हळू फिरणे, पहाटेची थंडी, बंद पडलेला इनटेक हीटर, डिझेलमधले पाणी किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन ही त्याची कारणे. एअर क्लीनरही उघडून पाहा. फडातली धूळ आणि पाचटाचा चुरा त्यात लवकर भरतो.

कांदा किंवा द्राक्षे घेऊन हिवाळ्यात उत्तरेकडे गेलेल्या गाडीत कडक थंडीने डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. टाकीखाली जाळ करू नका. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेले फडके ठेवा आणि पुढचे डिझेल त्याच भागातल्या पंपावर भरा.

बीएस-६ गाड्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या ट्रकमध्ये डिझेलचा दाब आणि फवारा संगणकावर चालतो. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह दिसत राहिले तर दुसरी चावी वापरून पाहा. फ्यूज, बॅटरी, वॉटर सेपरेटर हे तुम्ही तपासू शकता. क्रँक सेन्सर किंवा रेल प्रेशरचा दोष स्कॅनरशिवाय कळत नाही. अंदाजाने सेन्सर बदलू नका.

युरियाचे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले असेल तर चावीही फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून धुवावी लागते.

हे करू नका

• भरलेला ट्रक ट्रॅक्टरने ओढून किंवा उतारावर सोडून सुरू करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकची हवा तयार होत नाही आणि पॉवर स्टेअरिंगही चालत नाही.
• इनटेकमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. हीटर असलेल्या इंजिनात स्फोट होऊ शकतो.

मेकॅनिकला काय सांगाल?

इंजिन फिरते का, धुराचा रंग कोणता, बॅटरीचे व्होल्ट किती आणि बंद पडण्याआधी काय घडले, या चार गोष्टी फोनवरच सांगा. डिझेल भरले होते, फिल्टर बदलला होता की गाडी चालता चालता बंद पडली, यावरून त्याला बरोबर काय आणायचे ते कळते आणि एक फेरी वाचते.

दुरुस्तीला काही तासांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर माल दुसऱ्या गाडीत हलवण्याचा निर्णय लवकर घ्या. तोपर्यंत कांदा, भाजीपाल्यावरची ताडपत्री बाजूंनी सैल करून हवा खेळती ठेवा. उसाची गाडी असेल तर कारखान्याच्या शेतकी विभागाला लगेच कळवा.

हंगामापूर्वी डिझेल फिल्टर बदला, सेपरेटरमधले पाणी नियमित काढा आणि टाकी रात्री रिकामी ठेवू नका, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते. बॅरलमधले डिझेल वापरत असाल तर ते स्थिर होऊ द्या आणि तळाचा गाळ टाकीत जाऊ देऊ नका.